हळद ट्रायलचा डेटा-कोड दिला, पण परीक्षकाला तक्ता ३ जुळत नाही

कृष्णाकाठ_मिरज

नमस्कार मंडळी,

हळदीच्या फील्ड ट्रायलवरचा एक पेपर रिव्हिजनला आला आहे. जर्नलची अट अशी की कच्चा डेटा आणि अ‍ॅनालिसिसचा कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवायचा आणि त्यातून पेपरमधले तक्ते जसेच्या तसे निघाले पाहिजेत. सगळं एका झिपमध्ये घालून पाठवलं होतं. परीक्षकाने ते चालवून बघितलं आणि तक्ता ३ जुळत नाही म्हणून कळवलं.

माल असा आहे. ट्रायल आरबीडी (यादृच्छिक गट रचना), ८ ट्रीटमेंट (प्रक्रिया), ३ रेप्लिकेशन (पुनरावृत्ती), म्हणजे २४ प्लॉट. ग्रॉस (पूर्ण) प्लॉट ३.६ × ३.० मीटर, नेट (कडा सोडून मोजणीचा) ३.० × २.४ मीटर. उत्पादन ओल्या हळदीचं, टन प्रति हेक्टर. सोबत मिरज, पलूस, वाळवा आणि कराड तालुक्यातल्या २४० हळद उत्पादकांचा सर्व्हे आहे. त्यात नाव, मोबाइल, गट नंबर, जीपीएस सगळं आहे.

तक्ता ३ (ट्रीटमेंटच्या उत्पादनाची तुलना) एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये काढला होता. परीक्षकाकडे एसपीएसएस नाही म्हणून झिपसाठी तोच आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला. सर्व्हेचे आलेख आणि बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन काढलेले अंदाज) आधीपासून आरमध्येच आहेत.

पेपरात सीडी (लक्षणीय ठरायला लागणारा किमान फरक) ११.४९ आणि निकाल एनएस (फरक लक्षणीय नाही). परीक्षकाला माझ्याच कोडमधून सीडी ४.३७ मिळते आणि ट्रीटमेंटमधला फरक लक्षणीय येतो. दोन्हीकडे एरर डीएफ (स्वातंत्र्याचे अंश) १४च आहे, त्यामुळे मॉडेल एकच आहे असं मी धरून चाललोय. मग फरक येतोय कुठून? आणि हे सगळं परत पाठवताना नीट कसं बांधायचं? सर्व्हेचा डेटा असाच देता येतो का?

---

माहुलीसंगम

दोन्हीकडे १४ आहे, शंका तिथेच येते. एक्सेल उघडा आणि उत्पादनाच्या कॉलममध्ये आकडे मोजा. २४ आहेत की २३?

अंदाज सांगतो. २४ प्लॉट पूर्ण असतील तर एकूण डीएफ २३, ट्रीटमेंटचे ७, रेप्लिकेशनचे २, उरले १४. हा झाला पेपरमधला १४. आता समजा एक प्लॉट रिकामा आहे आणि आरच्या कोडमध्ये रेप्लिकेशनचा कॉलम १, २, ३ असा नुसता आकडा म्हणून गेलाय. आर त्याला गट समजत नाही, सरळ रेषेतला चढ-उतार समजतो. मग रेप्लिकेशनला २ ऐवजी १च डीएफ मिळतो. एकूण २२, वजा ७, वजा १, पुन्हा १४. एक चूक दुसरीवर बरोब्बर बसते आणि तक्ता बघणाऱ्याला काही खटकत नाही.

इथे तीन गोष्टी लिहा: एक्सेलमध्ये रिकामा सेल आहे का, एसपीएसएसच्या फाइलमध्ये त्याच जागी काय आहे, आणि आरच्या कोडमध्ये रेप्लिकेशनला फॅक्टर (आकडा नव्हे, गट) केलंय का.

---

कृष्णाकाठ_मिरज

तिन्ही बरोबर निघालं की ओ. रेप्लिकेशन २, ट्रीटमेंट ५ हा प्लॉट कंदकूज लागून पूर्ण गेला होता. एक्सेलमध्ये सेल रिकामा आहे. एसपीएसएसच्या फाइलमध्ये त्याच जागी ० आहे. आरमध्ये ट्रीटमेंटला फॅक्टर केलं होतं कारण ती टी१, टी२ अशी अक्षरात होती. रेप्लिकेशन आकड्यात राहिलं. आता फॅक्टर करून चालवलं तर एरर डीएफ १३ आणि एरर एमएस (वर्गांची सरासरी) ६.०० येतो.

---

माहुलीसंगम

मग हिशोब पुरा लागला. शून्याने काय केलं ते बघा. टी५ चे बाकीचे दोन प्लॉट तुमच्या फाइलीत २९.४ आणि ३१.२ असतील, किंवा त्याच्या आसपास. दोघांची सरासरी ३०.३. तिसरा शून्य धरला की सरासरी २०.२. पण खरा घोळ एररमध्ये होतो. त्या प्लॉटची अपेक्षित किंमत ३० च्या घरात असताना तिथे शून्य आला, तर एकट्या त्या प्लॉटपायी एररच्या एसएसमध्ये (वर्गांच्या बेरजेत) ३० चा वर्ग गुणिले १४ भागिले २४, म्हणजे ५२५ ची भर पडते. मूळ ७८ (१३ गुणिले ६) अधिक ५२५, एकूण ६०३. भागिले १४ केलं की एमएस ४३.०७. दोन गुणिले एमएस भागिले ३ चं वर्गमूळ ५.३६, गुणिले टी-तक्त्यातली किंमत २.१४५, आली ११.४९. पेपरमधली सीडी हीच. सगळी ट्रायल एका कुजलेल्या प्लॉटने एनएस केली.

आता दुरुस्ती. आधी शेतातला प्रश्न सोडवा, मग संगणकातला. तो प्लॉट का गेला? शेताच्या सखल कोपऱ्यात पाणी साचून कंदकूज आली असेल आणि ट्रीटमेंटचा त्याच्याशी संबंध नसेल, तर ती किंमत हरवलेली धरायची. पण ट्रायल बेणेप्रक्रियेची किंवा ट्रायकोडर्माची (कूज रोखणाऱ्या बुरशीची) असेल आणि टी५ हीच कमजोर प्रक्रिया असेल, तर कुजणं हाच निकाल आहे आणि शून्य हे खरं निरीक्षण आहे. तिथे प्लॉट गाळला तर टी५ ला फुकट चांगले गुण मिळतात. हा निर्णय आर घेणार नाही, तुम्ही घ्यायचा आणि रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) एका वाक्यात कारणासह लिहायचा. शक्य असेल तर दोन्ही पद्धतींचे निकाल द्या.

हरवलेला धरला तर एकच सीडी देता येत नाही, हे विसरू नका. एमएस ६.००, डीएफ १३, टी २.१६०. तिन्ही प्लॉट शाबूत असलेल्या दोन ट्रीटमेंटची तुलना करायची तर फरकाची एसई (प्रमाण त्रुटी) २.०० आणि सीडी ४.३२. टी५ ची इतरांशी तुलना करायची तर एसई २.२७ आणि सीडी ४.९०. जुन्या पद्धतीत येट्सच्या सूत्राने गेलेल्या प्लॉटची किंमत काढतात: रेप्लिकेशनची संख्या गुणिले त्या रेप्लिकेशनची उरलेली बेरीज, अधिक ट्रीटमेंटची संख्या गुणिले त्या ट्रीटमेंटची उरलेली बेरीज, वजा एकूण बेरीज, भागिले १४. ती किंमत भरून गणित केलं तरी एररमधून एक डीएफ वजा करावाच लागतो. हे लोक हमखास विसरतात. आरमध्ये असलं काही भरायची गरज नाही. सेल रिकामा ठेवा, मॉडेल बसवा आणि ईएममीन्स पॅकेजने सरासऱ्या आणि फरक काढा.

मॉडेलमधला क्रमही बघा. प्लॉट पूर्ण असतील तर रेप्लिकेशन आधी की ट्रीटमेंट आधी, काही फरक पडत नाही. एक प्लॉट गेला की पडतो, कारण आरचा साधा अ‍ॅनोव्हा टाइप १ एसएस (क्रमावर अवलंबून) देतो आणि एसपीएसएस मुळात टाइप ३ (क्रमावर न अवलंबणारा) देतो. रेप्लिकेशन आधी, ट्रीटमेंट शेवटी लिहिलंत तर आरबीडीच्या साध्या मॉडेलमध्ये ट्रीटमेंटचा एफ (लक्षणीयतेच्या कसोटीचा आकडा) दोन्हीकडे सारखाच येईल. उलटं लिहिलंत तर नाही येणार.

प्लॉट हरवलेला धरायचं ठरलं तर संपादकांना पत्रात सरळ लिहा की एका प्लॉटची नोंद चुकून शून्य गेली होती, दुरुस्तीनंतर निष्कर्ष बदलतो. फक्त कोड बदलून तक्ता गुपचूप जुळवू नका. निष्कर्ष एनएसवरून लक्षणीयवर जातोय, ती किरकोळ दुरुस्ती नाही.

---

हरिपूरचं_पेव

वरच्या गणितात भर घालण्यासारखं काही नाही. फाइलींबद्दल सांगतो, कारण शून्य आणि रिकामा यांची अदलाबदल फाइलींमध्येच होते.

फोल्डर चार पुरेत. कच्चा डेटा, साफ डेटा, कोड, निकाल. कच्च्या फोल्डरातली फाइल रीड-ओन्ली करा आणि तिला कोणी हात लावायचा नाही, तुम्हीही नाही. प्लॉट दुरुस्त करायचा असेल तर कोडमध्ये एक ओळ लिहा: अमुक प्लॉट, अमुक कारण, किंमत रिकामी. एक्सेलमध्ये हाताने खोडलेला आकडा कुणालाच दिसत नाही, कोडमधली ओळ सगळ्यांना दिसते. साफ डेटा आणि निकाल ही दोन्ही फोल्डर केव्हाही पुसून परत बनवता आली पाहिजेत. पुसायची भीती वाटली तर समजायचं, मधे कुठेतरी हातकाम राहिलंय.

एक्सेलचा जुना उपद्रव प्लॉट कोडचा. रेप्लिकेशन-ट्रीटमेंट असा कोड २-५ टाकला की एक्सेल त्याचं २ मे करतं. तुमच्या ट्रायलमध्ये १-१ पासून ३-८ पर्यंत चोवीसच्या चोवीस कोड वैध तारखा आहेत. सेलला टेक्स्ट फॉरमॅट न देता टाइप केले तर आत आकडे साठतात; २०२४ साली टाइप केलेला २-५ हा ४५४१४ म्हणून साठतो आणि आरमध्ये वाचल्यावर तोच दिसतो. ज्या संगणकावर तारखेची पद्धत अमेरिकन आहे तिथे तोच कोड ५ फेब्रुवारी होतो. त्यामुळे आर२टी५ असाच कोड वापरा, मधे रेघ नको. हंगामालाही तेच. २०२२-२३ टेक्स्ट राहतं, पण जुन्या डेटातलं २०११-१२ डिसेंबर २०११ होतं, कारण २३ वा महिना नसतो आणि बारावा असतो.

सर्व्हेतल्या गट नंबरांचं याहून वाईट. १४५/२ टेक्स्ट राहतो, १२/२ ची १२ फेब्रुवारी होते. एकाच कॉलममध्ये काही बरोबर, काही चूक, म्हणून वरवर चाळताना सापडत नाही. (७/१२ टाका, ७ डिसेंबर मिळेल. आपल्याकडे त्याला काय म्हणतात हे एक्सेलला कुणी सांगितलेलं दिसत नाही.)

गावांची नावं मराठीत असतील तर तीन गोष्टी बघा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असतील तर सीएसव्हीत (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीत) ती रोमन अक्षरांचा कचरा होऊन येतात, कारण मराठी फक्त फाँटच्या दिसण्यात असते. आधी युनिकोडमध्ये फिरवा आणि मूळ फाइलही ठेवा. दुसरं, कराड आणि कऱ्हाड, कवठेमहांकाळ आणि कवठे महांकाळ हे आरच्या दृष्टीने वेगळे तालुके आहेत. त्यातही ऱ दोन-तीन तऱ्हेने टाइप होतो: एकसंध अक्षर, र खाली नुक्ता, किंवा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर सारखंच दिसतं. पहिल्या दोन तऱ्हा स्ट्रिंगआय पॅकेजच्या एनएफसी फंक्शनने एक होतात, तिसरी होत नाही, तिच्यासाठी कुठलं नाव कशात बदलायचं याची यादी हाताने द्यावी लागते. यावर चांगला उपाय म्हणजे गावाच्या नावाऐवजी एलजीडी कोड (प्रत्येक गावाचा सरकारी क्रमांक) हाच मुख्य कॉलम ठेवणं. वडगाव किती आहेत मोजून बघा म्हणजे पटेल. तिसरं, आकडे देवनागरीत असतील तर आरला ते आकडे वाटतच नाहीत, सगळीकडे एनए (किंमत नाही) येतं.

एक्सेलमधून काढताना यूटीएफ-८ वाली सीएसव्ही निवडा. तिच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, त्यामुळे आरच्या साध्या वाचनात पहिल्या कॉलमच्या नावापुढे कधीकधी कचरा चिकटतो; एन्कोडिंग यूटीएफ-८-बॉम असं सांगितलं की जातो.

डेटा डिक्शनरी ही वेगळी छोटी सीएसव्ही करा: कॉलमचं नाव, अर्थ, एकक, चालणाऱ्या किंमती, आणि रिकामा सेल म्हणजे काय. तुमच्या उत्पादनाच्या कॉलमसाठी ओळ अशी हवी: "ओल्या कंदांचं वजन, किलो प्रति नेट प्लॉट, ७.२ चौ.मी., दोन दशांश. रिकामं म्हणजे काढणीपूर्वी प्लॉट नष्ट. शून्य म्हणजे काढणी केली, कंद मिळाले नाहीत." किलो प्रति प्लॉट हाच कच्चा आकडा द्या, टन प्रति हेक्टर कोडने काढा. नेट प्लॉटवर २१.६ किलो म्हणजे हेक्टरी ३० टन. चुकून ग्रॉस प्लॉटच्या १०.८ ने भागलं तर २० टन. दीडपट फरक, आणि दोन्ही आकडे हळदीला शोभून दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ओली की वाळलेली हेही लिहा. वाळून साधारण पाचवा हिस्सा उरतो.

---

मेणवली_घाट

आर आणि एसपीएसएसबद्दल थोडं.

एसपीएसएस सोडायची सक्ती नाही. मेनूतून सगळं निवडल्यावर ओके ऐवजी पेस्ट दाबा, आज्ञा सिंटॅक्स खिडकीत उतरते. ती फाइल सेव्ह करा, तिथूनच चालवा, तीच शेअर करा. वेट केसेस (नोंदींना भार देणं) चालू ठेवून फाइल सेव्ह केली तर पुढच्या वेळी ती वेटसकट उघडते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. परीक्षकासाठी मात्र आरचाच मार्ग ठेवा आणि पेपरमधला आकडाही त्याच कोडमधून घ्या. दोन सॉफ्टवेअरांत दोनदा केलं की कुठला तक्ता कुठून आला हे सहा महिन्यांनी तुम्हालाच सांगता येत नाही. लहानसहान फरक तर येतच राहतात. २.५ चं पूर्णांकीकरण आर २ करतं, एक्सेल ३. चतुर्थकांची आरची मूळ पद्धत सातवी, एसपीएसएसची सहावी. २३ आकड्यांवर फरक डोळ्यांना दिसतो.

आरमध्ये सगळ्यात आधी सेशन बंद करताना वर्कस्पेस सेव्ह करायचा पर्याय कायमचा बंद करा. नाहीतर जुने ऑब्जेक्ट मेमरीत राहतात आणि कोड तुमच्याकडे चालतो, दुसरीकडे नाही. कोडच्या डोक्यावर आरएम-एलएस वाली ओळ टाकून हे सुटत नाही. ती ऑब्जेक्ट पुसते, लोड झालेली पॅकेजेस तशीच राहतात. मास पॅकेज डीप्लायरनंतर लोड झालं की दोन्हींत असलेलं सिलेक्ट फंक्शन भलतंच चालतं, एरर विचित्र येतो. फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव आणि दोन विसर्गचिन्हं लिहायची सवय लावा.

पॅकेजांच्या आवृत्त्या जपण्यासाठी आरएनव्ही हे पॅकेज. प्रोजेक्टमध्ये एकदा इनिट, काम संपल्यावर स्नॅपशॉट, समोरच्याने रीस्टोअर. लॉक फाइलमध्ये पॅकेजांच्या आवृत्त्या राहतात. ती आरची आवृत्ती नोंदवते, बसवत नाही, त्यामुळे रीडमीत ती स्पष्ट लिहा. विंडोजवर जुनं पॅकेज सोर्समधून बांधावं लागलं तर आरटूल्स लागतं, तेही लिहा. डॉकर (सगळं सॉफ्टवेअर एका डब्यात बांधून देणं) कुणी सुचवलं तर तूर्त नको म्हणा. २४ प्लॉटच्या अ‍ॅनोव्हासाठी परीक्षकाला दीड-दोन जीबी उतरवायला लावणं म्हणजे आंबा पाडायला क्रेन आणण्यातला प्रकार.

तुमच्या बूटस्ट्रॅपसाठी सीड (यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा क्रमांक) लिहाच, पण सीडसोबत आवृत्तीही. आर ३.६.० मध्ये, म्हणजे २०१९ ला, सॅम्पल फंक्शनची आतली पद्धत बदलली. त्यामुळे ३.५ वर काढलेले निकाल त्याच सीडने ३.६ वर वेगळे येतात. जुनं जुळवायचं असेल तर सॅम्पल-काइंड राउंडिंग असा पर्याय द्यावा लागतो. चार कोअरवर समांतर चालवत असाल तर साधं सीड पुरत नाही, लेक्युअर हा यादृच्छिक आकड्यांचा जनरेटर निवडा. आणि २०२० च्या ४.० पासून अक्षरांचे कॉलम आपोआप फॅक्टर होत नाहीत. तुमची ट्रीटमेंट जुन्या आरमध्ये आपोआप फॅक्टर झाली असती. नव्यात स्वतः सांगायचं. रेप्लिकेशन कधीच आपोआप होत नव्हतं.

पाथमध्ये सी ड्राइव्ह, डेस्कटॉप असलं काही नको. प्रोजेक्ट फोल्डरपासूनचा पाथ द्या, हिअर पॅकेज त्यासाठीच आहे. कोडच्या फाइलींना क्रमांक द्या, ०१ वाचन, ०२ साफसफाई, ०३ ट्रायल, ०४ सर्व्हे, आणि सगळ्यांना ओळीने बोलावणारी एक मुख्य फाइल. नावं प्रत्यक्षात रोमनमध्ये, सगळी लहान अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता.

---

अजिंक्यतारा_पायथा

सर्व्हेतल्या लोकांच्या ओळखीबद्दल कुणी बोललेलं नाही, आणि धोका तिथेच जास्त आहे. ती झिप परीक्षकाकडे नाव-मोबाइलसकट गेली असेल तर आजच संपादकांना सांगून ती काढून टाकायला लावा.

आधी संमतीपत्र काढून वाचा. "माहिती फक्त या अभ्यासासाठी" असं लिहून सही घेतली असेल तर वैयक्तिक नोंदी सार्वजनिक करता येणार नाहीत, नावं काढली तरीही एथिक्स समितीला विचारा. पुढच्या वेळी संमतीपत्रातच "ओळख काढून टाकलेली माहिती इतर संशोधकांना खुली केली जाईल" हे मराठीत, शेतकऱ्याला कळेल असं लिहा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधन आणि संख्याशास्त्रीय कामाला ठरावीक अटींवर सूट देतो, पण त्या डेटावरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची, अशा त्या अटी आहेत. नेटवर नाव-नंबर टाकायचा परवाना म्हणून तो वाचू नका.

नाव, मोबाइल, गट नंबर, आधार असेल तर तेही, सरळ काढा. त्याजागी क्रमाने नव्हे, यादृच्छिक कोड द्या. क्रमाने दिला तर मूळ यादीचा क्रम कळला की सगळं उलगडतं. मोबाइलचा हॅश (गणिताने काढलेला ठसा) करून तोच आयडी म्हणून ठेवायची कल्पना डोक्यात आली असेल तर सोडा. आपले मोबाइल दहा आकडी, सुरुवात ६ ते ९, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं साध्या संगणकाला एका दुपारचं काम आहे.

जीपीएस दोन दशांशांपर्यंत ठेवलंत तर साधारण एक किलोमीटरचा अंदाज राहतो, चार दशांश म्हणजे दहा-अकरा मीटर, थेट बांधावर. पण दोन दशांशही नेहमी पुरत नाहीत. कराड तालुक्यातल्या तुमच्या शेतकऱ्यांत २० एकर हळद असलेला एकच असेल, तर नाव न लिहिता अख्ख्या गावाला कळतं तो कोण. म्हणून तालुका, वाण, क्षेत्र, वयोगट यांचा एकत्र तक्ता काढा. ज्या खान्यात पाचपेक्षा कमी माणसं येतात तिथे गट मोठे करा: वय दहा-दहा वर्षांच्या गटात, क्षेत्र "१० एकरांहून जास्त", गाव काढून फक्त तालुका. गट मोठे केल्यावर पेपरमधला एखादा तक्ता निघत नसेल तर तो मूळ डेटावर काढला आहे असं लिहा, मूळ डेटा विनंतीवर मिळण्याची व्यवस्था ठेवा, आणि कोड निदान चालून बघता यावा म्हणून सिंथपॉप पॅकेजने बनवलेला कृत्रिम डेटा सोबत द्या. त्या फाइलच्या नावातच "कृत्रिम" हा शब्द असू दे.

एक्सेल फाइल सार्वजनिक करू नका, सीएसव्हीच द्या. लपवलेले कॉलम तर असतातच, पण पिव्होट टेबल (बेरजांचा सारांश तक्ता) जास्त दगा देतं. मूळ शीट पुसली तरी पिव्होटच्या पोटात सगळ्या नोंदींची प्रत राहते. बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की नाव-नंबरासकट नवी शीट उघडते. गिट या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातही असंच. नावांची फाइल एकदा कमिट झाली (त्यात नोंदली गेली) आणि नंतर डिलीट केली तरी ती इतिहासात असते. अशा वेळी जुनी रिपॉझिटरी सार्वजनिक करू नका, नवी कोरी उघडा आणि फक्त साफ फाइली घाला.

---

कृष्णाकाठ_मिरज

फार उपयोग झाला. संमतीपत्रात "इतर संशोधकांना" असं वाक्य आहे, बरं झालं. शेवटचं एक: ठेवायचं कुठे? गिटहब, झेनोडो (संशोधनाच्या फाइलींचं भांडार) की गूगल ड्राइव्ह? आणि परवाना कुठला?

---

हरिपूरचं_पेव

ड्राइव्ह नको. खातं बंद झालं की लिंक मेली.

गिटहब आणि झेनोडो यांची कामं वेगळी आहेत. गिटहब म्हणजे पेठेतलं दुकान, माल रोज हलतो. झेनोडो म्हणजे आपलं पेव, हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. हळद भरली, तोंड लिंपलं, आत काय आहे ते पक्कं झालं. पेपरमध्ये संदर्भ पेवाचा द्यायचा. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, तुमचा डेटा केबीत आहे, तो प्रश्न नाही. खातं झेनोडोला जोडा आणि पेपर स्वीकारला गेला की रिलीज काढा. झेनोडो त्याची प्रत घेऊन डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) देतं. प्रत्येक आवृत्तीचा वेगळा डीओआय असतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक. तक्ता ज्या आवृत्तीतून निघाला तिचाच डीओआय पेपरात लिहा, सामायिक नको. प्रकाशित केल्यावर फाइल बदलायची म्हणजे नवी आवृत्ती, त्यामुळे बटण दाबण्याआधी सगळे कॉलम पुन्हा बघा. गिटहबच्या रिलीजऐवजी फाइली थेट झेनोडोवर चढवल्या तर डीओआय आधी राखून ठेवता येतो, म्हणजे हस्तलिखितात आत्ताच घालता येईल. परीक्षण नावं झाकून होत असेल तर ओएसएफ या संशोधनाच्या संकेतस्थळावर निनावी, फक्त बघता येईल अशी लिंक मिळते. मात्र कोडमधल्या कमेंटमध्ये स्वतःचं नाव राहिलं तर त्या लिंकचा उपयोग शून्य.

परवाना डेटाला सीसी बाय ४.० (श्रेय देऊन कुणीही वापरा), कोडला एमआयटी (कोडचा खुला परवाना). सीसीचे परवाने सॉफ्टवेअरसाठी नाहीत, ती संस्था स्वतःच तसं सांगते. परवानाच दिला नाही तर समोरच्याला कायद्याने काही वापरता येत नाही, डेटा उघडा असूनही. सहलेखक आणि संस्था यांची मंजुरी मेलवर घेऊन ठेवा.

---

माहुलीसंगम

अपलोडच्या आधी एक चाचणी. या पेपरशी संबंध नसलेल्या कुणालातरी झिप द्या, फोनवरसुद्धा काही सांगायचं नाही, फक्त रीडमी. शक्यतो लिनक्सवाला माणूस शोधा. मुख्य फाइल चालवून तक्ता ३ मध्ये एरर डीएफ १३, एमएस ६.०० आणि ४.३२ व ४.९० या दोन सीडी आल्या पाहिजेत. हे आकडे रीडमीत लिहा आणि कोडच्या शेवटी तपासणीची ओळ घाला, दोन दशांशांपर्यंत आकडे जुळले नाहीत तर कोड थांबेल अशी. अगदी शेवटच्या दशांशापर्यंत जुळवायचा हट्ट नको. गणिताची लायब्ररी बदलली की पंधराव्या दशांशात फरक येतो, त्याला काही अर्थ नसतो.

---

कृष्णाकाठ_मिरज

चाचणी करून घेतली. उबुंटूवर पहिल्याच ओळीला थांबलं, "फाइल सापडत नाही". माझ्या विंडोजवर तीच फाइल बिनतक्रार उघडते.

---

मेणवली_घाट

फोल्डरच्या नावातलं डेटाचं डी मोठं आहे आणि कोडमध्ये लहान आहे का बघा. विंडोज दोन्ही एकच मानतं, लिनक्स नाही.

---

कृष्णाकाठ_मिरज

तेच होतं. बदललं. १३, ६.००, ४.३२, ४.९०.